शेंद्र्याची की रांजणगावची?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना महागणपतीचं रांजणगाव लागतं. देवळाच्या आसपासच्या माळावर औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि 1990 च्या दशकाच्या शेवटी तिथे फियाटचा कारखाना आला. हाच रस्ता धरून पुढे छत्रपती संभाजीनगर गाठावं, शहर ओलांडून जालन्याची वाट धरावी, की शेंद्रा येतं. तिथे 2001 साली स्कोडाने ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. दोन कारखान्यांत अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. या एकाच रस्त्याच्या दोन टोकांवरून अशा दोन गाड्या बाहेर पडल्या की आजही नांदेड-लातूरकडचा एखादा तरुण डॉक्टर, आडत्याचा मुलगा किंवा महाविद्यालयातला प्राध्यापक ‘रविवारी चालवायला एखादी जुनी, पण जोरात पळणारी गाडी घ्यावी’ असं म्हणाला, तर बोलणं फिरून त्यांच्यावरच येतं. एक स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, दुसरी अबार्थ पुंटो. इथे बनलेल्या या दोन्ही आता नव्या मिळत नाहीत. मिळतील त्या वापरलेल्याच.

काटेकोर बोलायचं तर दोन्ही गाड्यांना चार दारं आहेत, मागे माणसं बसतात, डिकीत सामान मावतं. खरी दोन आसनांची, खाली बसलेली स्पोर्ट्स कार मराठी मुलखात किंवा त्याच्या शेजारी तयारच झाली नाही असं मात्र नाही. गोव्यात 1998 च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ बनू लागली. फायबरग्लासची बॉडी, उघडं छत, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन आणि साठच्या आसपास अश्वशक्ती. दिसायला देखणी, पण जोर साध्या घरगुती गाडीएवढाच, त्यामुळे ती फार थोड्या घरांत पोहोचली. पुढे दिलीप छाब्रिया यांची ‘डीसी अवंती’ 2012 च्या ऑटो एक्स्पोत लोकांसमोर आली आणि पुण्याजवळ तयार होऊ लागली. तिचं इंजिन आसनांच्या मागे, रेनॉचं दोन लिटरचं टर्बो. मात्र 2020 च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. एकाच चेसिस आणि इंजिन क्रमांकाची नोंदणी दोन राज्यांत झाल्याचा आरोप तेव्हा पुढे आला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, पण वापरलेली अवंती घ्यायला निघालेल्याने चेसिसवरचा कोरीव क्रमांक आधी डोळ्यांनी वाचायला हवा, एवढं त्या बातमीने शिकवलं.

परदेशातून जुनी माझदा एमएक्स-5 मागवावी, असंही मनात येतं. जगभर रविवारच्या गाडीचं नाव निघालं की पहिलं नाव तिचंच असतं. भारतात मात्र वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि करांचा बोजा गाडीच्या किमतीच्याही वर जातो. सचिन तेंडुलकरला 2002 साली भेट मिळालेली फेरारी 360 मोडेना आठवून पाहावी. तिच्या आयातशुल्काच्या सवलतीवरून केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी शुल्क फियाट कंपनीने भरलं. तीच गाडी 2011 साली सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. देशातली सर्वांत गाजलेली वापरलेली स्पोर्ट्स कार तीच म्हणावी लागेल. मराठवाड्यातल्या सामान्य हौशी माणसासाठी हा मार्ग नाही. त्याने शेंद्रा आणि रांजणगाव यांच्यातच निवड करावी.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठवाड्याला मोटारीची हौस नाही, हा समज 2010 च्या ऑक्टोबरात मोडला. त्या वेळच्या औरंगाबादेत व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या. बँकेशी व्याजाचा दर ठरवला, कंपनीशी किमतीची घासाघीस केली. देशभर बातम्या झाल्या. त्या हौसेची पुढची पायरी म्हणजे दिसण्यापेक्षा चालवण्यासाठी गाडी घेणं, आणि त्यासाठी नवी कोरी महाग गाडी लागतेच असं नाही.

आता रविवारच्या सफरीचा, म्हणजे माहूरचा, रस्ता पाहू. निवड त्यावरच ठरणार आहे.

नांदेडहून माहूरला जायच्या दोन वाटा लोक सांगतात. एक भोकर, हिमायतनगर, किनवटवरून. दुसरी अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाववरून, म्हणजे तुळजापूर-नागपूर महामार्गाने, आणि मग धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडून माहुरात. लातूरकराला हा महामार्ग घरातूनच मिळतो: चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत तो सरळ पुढे येतो. साडेतीन शक्तिपीठांपैकी तुळजापूर आणि माहूर ही दोन पीठं या रस्त्याने जोडली गेली आहेत. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत जाणारा सुमारे आठशे किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्गही माहूर जोडणार असल्याचं सरकार सांगतं. त्याला जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांचा ठाम विरोध आहे, आणि ज्यांच्या बागायती जातील त्यांचं म्हणणं आधी ऐकलं गेलं पाहिजे. रविवारच्या सफरीसाठी आज आहेत ते रस्ते पुरेसे आहेत.

मात्र ‘पुरेसे’ म्हणताना पायाखालची माती विसरता येत नाही. मराठवाड्याची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वरचा डांबराचा थर त्यासोबत वर-खाली होतो. म्हणून खड्डा एकही नसलेल्या रस्त्यावरही ताशी नव्वदच्या वेगात गाडी लाटेवर चढल्यासारखी उचलली जाते आणि लगेच खाली बसते. सिमेंटच्या महामार्गाने हे पुष्कळ कमी केलं, पण फाट्यावरून आत वळलं की पुन्हा तेच. मऊ सस्पेन्शनची गाडी इथे डोलते, फार कडक सस्पेन्शनची गाडी पाठीचा मणका मोजून दाखवते. त्यात गावागणिक गतिरोधक, आणि ते कोणत्याही मापाचे. खाली बसलेल्या गाडीचं चेंबर तिथे लागतं, आणि चेंबर फुटून ऑइल गळालं तर इंजिन बसायला वेळ लागत नाही.

दिवाळीच्या आगेमागे आणखी दोन गोष्टी रस्त्यावर येतात. एक सोयाबीन. लातूर-नांदेड पट्ट्यात काढणी झाली की शेतकरी मोकळ्या डांबरी रस्त्यावर माल वाळायला टाकतो. त्या दाण्यांवरून टायर घसरतं, आणि ते कोणाचं तरी वर्षाचं पीक असतं. तिथे वेग कमी करून बाजूने जाणं याला पर्याय नाही. दुसरा ऊस. साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच याची खात्री नाही. म्हणून माहूरची जलद सफर म्हणजे पहाटे निघून दिवसाउजेडी परतणं. हेडलाइट कितीही चांगले असले तरी हा नियम बदलू नये.

किनवटच्या अलीकडे-पलीकडे सागाची जंगलं लागतात, जमीन चढू लागते, काळी माती मागे पडून बेसाल्टचा मुरूम दिसतो. इथून पुढचा रस्ता चालवणाऱ्याचा. माहूर गावातून रेणुकामातेच्या गडाकडे, तिथून अनसूया आणि दत्तशिखराकडे चढणारी वाट अरुंद आहे, वळणं आखूड आहेत. वर जाताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा खेळ, उतरताना इंजिनच्या ओढीवर गाडी रोखून धरायची. नुसता ब्रेक दाबत आलं तर खाली पोहोचेपर्यंत तो तापून पकड सोडतो. नवरात्र, दत्तजयंती आणि राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला इथे पायी चालणाऱ्यांची रीघ असते. त्या दिवसांत हौशी चालकाने इकडे येऊच नये. साध्या रविवारी सकाळी लवकर आलं तर रस्ता मोकळा मिळतो, दर्शन होतं, आणि प्रसादाचा तांबूल घेऊन ऊन चढायच्या आत माणूस किनवटला परत आलेला असतो. वेळ असेल तर इस्लापूरकडे वळून पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबाही पाहता येतो.

या रस्त्यासाठी कोणती?

ऑक्टाव्हिया आरएस भारतात 2004 साली आली. 1781 सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच असे एकूण वीस व्हॉल्व्ह. युरोपात याच गाडीची ताकद 180 अश्वशक्ती होती, इथे ती 150 वर आणली गेली, टॉर्क 210 न्यूटन मीटर. आकडे आज फार वाटणार नाहीत. पण हा टॉर्क फार खालच्या आरपीएमपासून मिळतो, त्यामुळे पुढचा ट्रक ओलांडताना गिअर उतरवायची गरज अनेकदा पडत नाही. महामार्गावर गाडी रस्त्याला चिकटून राहते, दार लावलं की जाड पत्र्याचा आवाज येतो, आणि मागचं झाकण काचेसकट उघडतं, त्यामुळे पाचशे लिटरहून मोठी डिकी मिळते. शेंद्र्याहून नंतर आलेल्या आरएस आणखी वेगवान होत्या: 2011 ची लॉरा आरएस 160 अश्वशक्तीची, 2017 ची ऑक्टाव्हिया आरएस 230 अश्वशक्तीची. 2020 ची 245 अश्वशक्तीची आवृत्ती तयार होऊनच आयात झाली आणि देशात फक्त 200 आल्या. पण त्यांच्या किमती वेगळ्या. 2017 ची गाडीच नवी असताना पंचवीस लाखांच्या घरात होती. रविवारच्या हौसेसाठी ज्याने पैसे बाजूला काढले आहेत त्याच्या आवाक्यातली आरएस म्हणजे पहिलीच.

पहिलीचं वय मात्र तिच्या आड येतं. रबराच्या व्हॅक्यूम नळ्या कडक होऊन तडकतात, टर्बोचा दाब गळतो आणि पिकअप जातो. इग्निशन कॉइल दगा देतात, मग गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चालते. ऑइल बदलायला उशीर केलेल्या इंजिनात काळा गाळ साचतो, तो टर्बोच्या बारीक वाटा बंद करतो. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चालावं. हा पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. बेल्टसोबत पाण्याचा पंपही बदलावा. यात अशक्य असं काही नाही. संभाजीनगरात या गाड्या वर्षानुवर्षं जोडल्या गेल्या, दुरुस्त झाल्या, त्यामुळे तिथे हे इंजिन ओळखणारे हात आहेत. नांदेड-लातूरच्या माणसाने असा एक मेकॅनिक गाडी घेण्याआधी शोधावा, नंतर नव्हे.

अबार्थ पुंटोची गोष्ट तरुण आहे. कार्लो अबार्थने 1949 साली इटलीत स्वतःचा उद्योग काढला. छोट्या फियाट घेऊन त्यांना शर्यतीच्या तोडीचं करणं हे त्याचं काम. त्याची रास वृश्चिक, म्हणून गाडीवर विंचू. 1971 मध्ये फियाटने तो उद्योग घेतला. रांजणगावची अबार्थ पुंटो 2015 च्या ऑक्टोबरात आली, तेव्हा दिल्लीत तिची शोरूम किंमत 9.95 लाख रुपये होती. 1368 सीसीचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती, 212 न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्यापासून ताशी शंभरचा वेग 8.8 सेकंदांत, असा कंपनीचा दावा. दहा लाखांच्या आत इतका जोर त्या वेळी कुणीच देत नव्हतं.

ती ऑक्टाव्हियापेक्षा लहान आणि अंगाने हलकी. स्टिअरिंग जुन्या धर्तीचं, हायड्रॉलिक. हाताला जड, पण पुढच्या चाकाखाली खडी आहे की गुळगुळीत डांबर, हे तळहाताला कळतं. दत्तशिखराच्या वळणांवर हाच गुण सर्वांत मोलाचा आहे. टर्बो दोन हजार आरपीएमच्या आसपास जागा होतो आणि पुढची चाकं जोरात ओढतात. पहिल्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर एकदम दाबला तर स्टिअरिंग हातात फिरू पाहतं. हे सवयीने सांभाळता येतं. उणीव आहे ती जमिनीपासूनच्या उंचीची. साध्या पुंटोपेक्षा खाली बसवलेली ही गाडी 155 मिलिमीटरवर आहे, आणि चार माणसं बसली की आणखी खाली जाते. गतिरोधकावर तिरकी चढवावी लागते. वळायला जागा जास्त लागते, मागच्या आसनावर उंच माणसाचे गुडघे अडतात, आणि घट्ट पेडलांमुळे लांबचा प्रवास डाव्या पायाला जाणवतो.

फियाटने भारतातून आपलं नाव काढून घेतलं आहे. पुंटोचं उत्पादन या दशकाआधीच थांबलं. म्हणून अबार्थ घ्यायचं म्हटलं की घरातला वडीलधारा पहिला प्रश्न विचारतो, पार्ट कुठे मिळणार? प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र वाटतं तितकं वाईट नाही. टी-जेट इंजिन लिनियातही होतं. लोअर आर्म, बुश, क्लच, रेडिएटर यांतलं बरंच सामान पुंटो-लिनियाच्या मोठ्या कुटुंबाशी जुळतं, आणि या गाड्या महाराष्ट्रात हजारोंनी फिरल्या. अडचण येते ती फक्त अबार्थच्या म्हणून ज्या वस्तू आहेत त्यांची: अलॉय व्हील, खास सस्पेन्शन, बंपर. त्या पुण्या-मुंबईच्या फियाटप्रेमींच्या ओळखीतून मिळवाव्या लागतात. एखादं अलॉय खड्ड्यात वाकलं तर माहूरच काय, नांदेडलाही जोडीदार चाक मिळणार नाही. म्हणून विकत घेतानाच चारही चाकं आणि स्टेपनी नीट पाहावी.

दोन्ही गाड्यांना पेट्रोलची एक समान काळजी आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या दोन्ही त्याच्या आधीच्या काळातल्या. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि जुन्या रबरी नळ्यांना, सीलना खातं. रविवारची गाडी सहा दिवस उभी असते, कधी महिनाभर. टाकी अर्धवट रिकामी ठेवून पावसाळ्यात गाडी झाकून ठेवली तर पेट्रोलमध्ये पाणी धरतं. नळ्या नव्या टाकाव्यात, आठवड्याला निदान वीस-पंचवीस किलोमीटर गाडी फिरवावी. आणखी एक, मराठवाड्यातल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला ठाऊक असलेली गोष्ट: उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. शेताला लागून घर असेल तर बॉनेट आठवड्यातून दोनदा उघडून पाहावं.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड असताना जावं. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर परत फिरावं आणि दुसऱ्या दिवशी यावं. गरम इंजिनात टर्बोचा निळा धूर आणि इंजिनाचा खडखडाट दोन्ही लपतात. टायरवरचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसत असताना स्टिअरिंग, गिअरचा गोळा आणि क्लचचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर मीटर मागे फिरवलेला आहे. डिकीतली चटई उचलून पत्र्याचे सांधे पाहावेत. मागून ठोकलेली गाडी डेंटिंग-पेंटिंगने बाहेरून कितीही चकचकीत केली तरी हे सांधे खरं सांगतात. इंजिनच्या संगणकावर बॉक्स चढवून किंवा रिमॅप करून जोर वाढवलेला असेल, तर अशी गाडी पहिल्यांदा स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने टाळावी.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण टाळू नये. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नावावर करून घ्यायची असते. तोपर्यंत गाडीने कुणाला धडक दिली तर जुना मालक अडकतो, म्हणून चांगला विकणाराही याचा आग्रह धरतो. दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं असल्याने तिथल्या गाड्या स्वस्त दिसतात. पण महाराष्ट्राचा रस्ताकर पुन्हा भरावा लागतो, आणि मग ती स्वस्ती उरत नाही. पंधरा वर्षं झाली की पासिंग दर पाच वर्षांनी करून घ्यायचं, त्यासोबत पर्यावरण कर, आणि एप्रिल 2022 मध्ये मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्कच पाच हजार रुपये झालं होतं.

इथेच दोन गाड्यांतला तोल सरकतो. 2005-06 ची ऑक्टाव्हिया आरएस पंधरा वर्षं कधीच ओलांडून गेली आहे. तिची मुदत वाढवलेली नसेल तर ती रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे, आणि वाढवलेली असेल तरी पुढची तपासणी जवळ येत जाते. 2016 ची अबार्थ 2031 पर्यंत निर्धास्त. दहा वर्षांचा हा फरक रबर, वायरिंग, रेडिएटर, सगळ्यांत दिसतो.

म्हणून या लेखकाचं मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरी रोजची दुसरी गाडी आहे, जो पहाटे एकटा किंवा जोडीदाराला घेऊन किनवटमार्गे माहूर करणार आहे, त्याने अबार्थ घ्यावी. ज्याला आई-वडील, मुलं आणि नैवेद्याच्या टोपल्या घेऊन तुळजापूर ते माहूर असा सलग प्रवास करायचा आहे, त्याने खरं म्हणजे या दोन्हींतली एकही घेऊ नये. पण मन ऑक्टाव्हियातच अडकलं असेल तर सर्व्हिसची बिलं जपून ठेवलेली, शक्यतो एकाच मालकाची, मशीनला कुणी हात न लावलेली गाडी मिळेपर्यंत थांबावं. अशा आरएस अजून निघतात, आणि निघाल्या की दोन दिवसांत जातात, त्यामुळे इसाराचे पैसे तयार ठेवावेत.

कोणतीही घेतली तरी किमतीच्या निदान पंधरा-वीस टक्के रक्कम वेगळी ठेवूनच बोलणी करावीत. पहिल्याच महिन्यात ती टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, सगळी ऑइलं, ब्रेक फ्लुइड, इंधनाच्या नळ्या आणि चार नव्या टायरांवर जाते. अबार्थला 195/55 आर16 मापाचे टायर लागतात. नांदेडच्या दुकानात ते तयार नसले तरी दोन-तीन दिवसांत मागवून मिळतात. हे काम उरकल्यावर अलाइनमेंट करून घ्यावं, जवळच्या रस्त्यावर दोनशे किलोमीटर चालवून ऑइलची पातळी पुन्हा पाहावी, आणि मगच किनवटची वाट धरावी.